गैरहजर तो फरार

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीच्या हद्दीवर सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. संध्याकाळी तळावर दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार दंड वर करतात आणि हजारो माणसांचा आवाज एकदम खाली बसतो. एखादी दिंडी तरीही टाळ वाजवत राहिली, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिच्याजवळ जाऊन ती ऐकून घेतात. पुढे हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो आणि मग समाजआरती. वारकरी म्हणतो, माउलीपुढं हजेरी लागली.

हाच शब्द याच मुलखात आणखी एका संध्याकाळचा आहे. तिथे चोपदार नव्हता, पोलीस पाटील होता. तळ नव्हता, चावडी होती. नाव पुकारलं की ‘ओ’ द्यायची. ओ आली नाही तर माणूस गैरहजर, आणि गैरहजर तो फरार.

या दुसऱ्या हजेरीकडे मी नीट बघितलं ते २०१३ साली, अमेरिकेतल्या एका बातमीमुळे. त्या वर्षीच्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेननं बाहेर काढलेला पहिला कागद छापून आला. तो एका गुप्त न्यायालयाचा हुकूम होता. एका मोठ्या टेलिफोन कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या कॉलची नोंद रोजच्या रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला द्यायची. कुणी, कुणाला, किती वाजता, किती वेळ. बोलणं काय झालं ते त्यात नव्हतंच. तुमचं बोलणं कुणी ऐकत नाही, असं अमेरिकेच्या अध्यक्षांनी दोनच दिवसांत सांगितलं आणि त्या हुकुमापुरतं ते खरंही होतं. आपल्याकडे या प्रकाराला हेरगिरी म्हटलं गेलं, पाळत म्हटलं गेलं. दोन्ही शब्द मला अपुरे वाटले. हेर कुणा एकाच्या मागावर असतो. पाळत ज्याचा संशय आहे त्याच्यावर ठेवतात. इथे संशय नावानिशी कुणावरच नव्हता आणि नोंद मात्र सगळ्यांची होती. याला मराठीत नेमका शब्द आहे आणि तो माळशिरस, माण, फलटणच्या चावड्यांवर झिजून गुळगुळीत झालेला आहे.

‘हजेरी’ आली अरबी ‘हाजिर’वरून, फारसी दप्तराच्या वाटेनं. आपल्याकडे ती आधी फौजेत रुळली. सरकारातून पैसा उचलायचा पन्नास घोड्यांचा आणि उभी करायची तीस, हा शिलेदारीतला जुना धंदा. त्यावर उपाय म्हणून घोड्याला डाग आणि माणसाची चेहरेपट्टी. आज चेहरेपट्टी म्हटलं की आपल्याला नाकीडोळी नीटस मुलगी आठवते. मुळात ती कचेरीतली वस्तू. शिपायाचा रंग, बांधा, नाक, व्रण, तीळ यांचं वर्णन लिहिलेला कागद, म्हणजे पगाराच्या दिवशी दुसराच कुणी उभा राहू नये. ही हजेरी नोकरीची होती. जो पगार घेतो त्यानंच हजर असायचं. सरकारानं पैसे मोजले म्हणून सरकार माणसं मोजणार, यात वावगं काही नाही.

जो नोकर नाही त्याला हजर ठेवायचं कसं? त्यासाठी मराठी दप्तरात निराळी सोय होती. तिचं नाव हाजिरजामीन. अमुक माणूस बोलावल्या वेळी समोर आणून उभा करीन, असं तिसऱ्यानं लिहून द्यायचं. पैशापुरता जबाबदार तो मालजामीन, वागणुकीपुरता तो फैलजामीन. गावच्या रात्रीची राखण रामोश्याकडे असे आणि चोरी झाली तर माग काढायची किंवा भरपाई करायची जबाबदारीही त्याच्यावरच. या व्यवस्थेला मी डोक्यावर घेणार नाही. तिच्यात जातीची उतरंड पुरेपूर होती आणि जामीन मिळत नसलेल्याचे हाल कुत्रा खात नसे. पण तिच्यात एक गोष्ट होती. सरकार आणि माणूस यांच्या मधे कुणीतरी तिसरा उभा होता, त्याला ओळखणारा. तो गावातला होता, त्याच्याशी भांडता येत होतं.

इंग्रजांनी हा तिसरा माणूस काढून टाकला. हजेरीच्या कुळकथेतलं खरं वळण हेच.

१८३२ साली पुण्यात उमाजी नाईकांना फाशी दिलं. त्यांना पकडण्याच्या कामगिरीवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनं पुढच्याच वर्षी रामोशी जमातीवर एक अख्खं पुस्तक छापलं. एक माणूस पकडायचा होता, वर्णन मात्र जमातीचं झालं. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानं पाटलाला सरकारी कान करून टाकलं. गावच्या शांततेला बाधा येईल अशी खबर जमवून ठाण्याला कळवणं हे त्याचं लेखी कर्तव्य झालं. मग १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो आधी उत्तरेपुरता होता. १९११ साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. १९२४ साली सगळं एकत्र बांधून तो पक्का केला गेला.

या कायद्याची रचना सावकाश वाचण्यासारखी आहे. सरकार राजपत्रात जाहीर करणार की अमुक जमात गुन्हेगार आहे. ही जाहिरात बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयानं विचारायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं. मग त्या जमातीच्या माणसांची नोंदवही. वहीत नाव आलं की बोटांचे ठसे कधीही मागता येणार. ठरल्या वेळी येऊन स्वतःची वर्दी द्यायची. घर कुठे ते कळवायचं, घर बदललं तर कळवायचं, बदलायचा विचार असला तरी कळवायचं. गावाबाहेर जायचं तर आधी सांगायचं. चोरी केली होती का, हा प्रश्न या सगळ्यात कुठेच येत नाही. पारधी, भामटा, कैकाडी, छप्परबंद, बेरड अशा कितीतरी नावांवर हा शिक्का बसला आणि पश्चिम महाराष्ट्रात ठिकठिकाणी मांग आणि रामोशी वस्त्यांना चावडीची हजेरी लागली. म्हणजे पिढ्यान्पिढ्या ज्याच्याकडे गावाची राखण होती, त्याचीच राखण गाव करू लागलं.

‘हजेरी लागणे’ हा प्रयोग बघा. आजार लागतो, कीड लागते, नाद लागतो, तशी हजेरी लागायची. आणि ‘त्याची चांगलीच हजेरी घेतली’ म्हणजे त्याला झापलं. उपस्थिती मोजण्याला आणि पाणउतारा करण्याला एकच प्रयोग वापरणारी भाषा भोळी नसावी.

नातेपुत्याचा भूगोल लक्षात घेतला तर ही हजेरी अंगावर कशी बसत असेल ते कळतं. गाव जिल्ह्याच्या टोकाला, सोलापूर शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या वर. एका अंगाला शिखर शिंगणापूरचा डोंगर आणि माणचा कोरडा मुलूख, दुसऱ्या अंगाला नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी. आणि जवळच फलटण संस्थानची हद्द. बरड हा वारीतला नातेपुत्याआधीचा मुक्काम, तो १९४८ पर्यंत निंबाळकरांच्या राज्यात होता. नातेपुते इंग्रजी मुलखात. मोलमजुरी करणाऱ्याला, टोपल्या विणणाऱ्याला, जनावरांमागे हिंडणाऱ्याला ही रेघ दिसत नाही. त्याचं पोट डोंगर उतरून कालव्याकडे जातं. पण वहीत नाव असलेल्या माणसाला बरडच्या बाजारालाही दाखला हवा. पंढरी इथून पुढे चार-पाच मुक्कामांवर. वारीला जायचं तरी आधी चावडीची परवानगी, मग माउलीची. एकाच रस्त्यावरच्या या दोन हजेऱ्या.

माणूस हजर आहे म्हणजे तो तोच आहे कशावरून, ही शिलेदारीतली जुनी अडचण इथेही होतीच. चेहरेपट्टी लिहिणं किचकट काम आणि गोऱ्या साहेबाला सगळे काळे चेहरे सारखे. तोड बंगालातून आली. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारनाम्यावर घेतला. हेतू साधा होता, उद्या त्यानं सही नाकारू नये. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. जगातल्या अशा पहिल्या कचेऱ्यांत तिची गणना होते. ठशांचं वर्गीकरण बसवलं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी आणि पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डानं ती १९०१ मध्ये उचलली. आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ हा अडाण्याला मारलेला टोमणा आहे. प्रत्यक्षात लिहितावाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांवर बसवलेलं हे जगातलं एक अत्यंत शिकलेलं तंत्र होतं.

हजेरीचा सगळ्यात दाट प्रकार सोलापूर शहरात बघायला मिळाला. ‘सेटलमेंट’ या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सोलापूरकराला विचारा, तो तडजोड सांगणार नाही, वस्ती दाखवील. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात वसवायला सुरुवात झाली. ते काम स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी बघत असे. विजापूर, हुबळी, गदग अशी ठिकाणं होती आणि सोलापूर त्यांतलं मोठं. सोलापुरात गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते, हे कारण सरकारी अहवालांतल्या सुधारणेच्या गोड भाषेइतकंच महत्त्वाचं. दिवसा गिरणीत हजेरी, रात्री कुंपणात हजेरी. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून निराळ्या शाळेत ठेवायची मुभा कायद्यानं दिलेली होती. चांगलं वागलं तर कुंपणाबाहेर राहायला मिळे, त्या भागाला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता आजही पाकिटांवर लिहिला जातो आणि पोस्टमन तिथे पत्रं पोचवतो. कुणाच्या तुलनेत फ्री, हे पत्ता लिहिणाऱ्याच्या मनातही येत नसेल.

हाच स्टार्ट १९२८ साली नेमलेल्या मागासवर्गीयांच्या चौकशी समितीचा अध्यक्ष होता आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. इतिहास अशा जोड्या एका टेबलाशी बसवतो.

मराठी साहित्यात या चावडीचा सगळ्यात मोठा जबाब अण्णाभाऊ साठ्यांनी नोंदवला. ‘फकिरा’ १९५९ ची. वारणेच्या खोऱ्यातल्या त्या गोष्टीत हजेरी ही नुसती पार्श्वभूमी नाही. माणसं बंडाला का उठतात याच्या कारणांपैकी ते एक कारण आहे. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, नातेपुत्याच्या शेजारच्या फलटण तालुक्यातल्या कैकाडी घरातून. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं, लातूरकडचं. या पुस्तकांना आपण दलित-भटक्यांची आत्मकथनं म्हणून एका कप्प्यात ठेवलं. राज्यसंस्था आपल्या माणसांवर नजर कशी ठेवते, याची साक्ष म्हणून ती कुणी वाचली नाहीत. खासगीपणाच्या हक्कावर आपल्याकडे जी व्याख्यानं होतात, त्यांत ऑर्वेलचं नाव हटकून येतं. अण्णाभाऊंचं आलेलं मी ऐकलेलं नाही.

कायदा मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये मोडला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि हा दिवस विमुक्त समाज अजून पाळतो. पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांनी कुंपणाची तार तोडली, ही आठवण तिथल्या वस्त्यांत आजही सांगितली जाते. पण तार तुटली तरी वही राहिली. मुंबई राज्यानं १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि जमातीच्या जागी इसम आला. कागदावर हा फरक मोठा आहे, पण वही उघडणारा हात तोच होता. पोलीस ठाण्यातली ‘हिस्ट्रीशीट’ ही त्याच घराण्यातली.

आपल्या देशात खासगीपणाच्या हक्काचा एक पायाभूत खटला उभा राहिला तो याच वहीवरून, हे मला या सगळ्या कथेतलं फार बोलकं वाटतं. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून धरलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. सोडलं, पण हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि पोलीस दाराशी येऊन हाका मारायचे, झोपेतून उठवायचे. गावाबाहेर जायचं तर चौकीदाराला सांगायचं, कुठे चाललो, कधी येणार. नातेपुत्याकडचा कुणीही म्हातारा म्हणाला असता, यात नवीन ते काय? खडकसिंग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या डिसेंबरात सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. पोलीस नियमावलीत पाळतीचे सहा प्रकार होते. त्यातलं रात्री घरी जाणं तेवढं घटनाबाह्य ठरलं. माणसाच्या हालचालींची आणि गैरहजेरीची वर्दी देत राहणं, हे कलम टिकलं. दार वाजवायचं नाही, एवढाच दिलासा. वही चालू. सगळंच्या सगळं रद्द करा असं म्हणणारे दोघे होते, न्यायमूर्ती सुब्बाराव आणि न्यायमूर्ती शहा. ते अल्पमतात पडले.

पुढे पंचावन्न वर्षं सरकारी वकील खडकसिंगचा निकाल ढालीसारखा धरून उभे राहिले. आधारविरुद्धच्या खटल्यातही ‘खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही’ हा युक्तिवाद त्या निकालावर आणि १९५४ च्या आठ न्यायाधीशांच्या एका निकालावर बेतलेला होता. आठांचं मत मोडायला नऊ लागतात, म्हणून नऊ जणांचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखानं हक्क मान्य झाला. ज्या आधारवरून हे सगळं घडलं त्याचा पहिला क्रमांक दिला गेला तोही महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, २०१० च्या सप्टेंबरात. दहा बोटं, दोन डोळे. हर्शेलच्या तळहाताला हेवा वाटावा.

हजेरीची दुसरी शाखा बहात्तरच्या दुष्काळातून आली. रोजगार हमीचं काम, खडी फोडणारी माणसं आणि मुकादमाच्या हातातलं मस्टर. हे मस्टर म्हणजे शिलेदारी हजेरीचं चुलत भावंड. पैसे द्यायचे म्हणून माणसं मोजायची. त्यातही खोटी नावं घुसायची, मेलेली माणसं खडी फोडायची. म्हणून केंद्र सरकारनं मोबाइलवरची हजेरी आणली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर सक्तीची केली. कामाच्या जागी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. रेंज नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. हे इतकं पक्कं तंत्र, आणि २०२५ च्या जुलैत ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावं लागलं की लोक फोटोचा फोटो काढून चढवत आहेत. पन्नास घोड्यांच्या जागी तीस उभी करणारा शिलेदार गालात हसला असेल.

आता खिशातल्या चावडीकडे येऊ. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरला ओ देत राहतो. आपण बोललो नाही तरी देतो. त्याशिवाय कुणाचा कॉल आपल्यापर्यंत पोचणारच नाही, हे यंत्राचं कामच तसं आहे. कोणत्या क्रमांकाचा कोणत्या क्रमांकाशी कुठल्या टॉवरवरून किती वेळ संबंध आला, याची नोंद कंपनीकडे राहते. पोलिसांच्या बोलीत हिला ‘सीडीआर’ म्हणतात. एखाद्या घटनेच्या वेळी एका टॉवरखाली जेवढे फोन होते तेवढे सगळे मागवले की तो ‘डंप’. ‘टॉवर लोकेशन काढलं’ हे वाक्य आता गावातल्या पोरांनाही पाठ आहे. ही नोंद आधी एक वर्ष ठेवावी लागे. २०२१ च्या डिसेंबरात दूरसंचार खात्यानं परवान्याची अट बदलून ती किमान दोन वर्षं केली. चोर सापडतात, हरवलेली पोरं सापडतात, हे खरंच आहे. आणि २०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर विकणाऱ्या काही खासगी गुप्तहेरांना अटक केली, हेही खरं. वही असली की ती कुणीतरी विकत मागतोच.

बोलणं ऐकायचं असेल तर मात्र गृहसचिवाचा लेखी हुकूम लागतो. मूळ कलम १८८५ च्या तार कायद्यातलं, आता ते २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आलं आहे. हुकूम देणारे अधिकारी आणि तो तपासणारी समितीही अधिकाऱ्यांचीच, मधे न्यायाधीश कुठे नाही. तरी त्याला काही मर्यादा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ च्या ऑक्टोबरात एका लाचेच्या प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन हुकूम बेकायदा ठरवले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. सार्वजनिक आणीबाणी नव्हती आणि सार्वजनिक सुरक्षितताही धोक्यात नव्हती, एवढं साधं कारण. फोनमध्ये शिरणाऱ्या पेगॅसस या हेरप्रणालीचं प्रकरण याहून वेगळं, ते घरात घुसलेल्या हेराचं. त्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली समिती नेमताना बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला प्रत्येक वेळी मोकळी वाट मिळणार नाही. समितीनं २९ फोन तपासले, पाचांत घातक प्रणाली सापडली, ती पेगॅससच होती असं ठरवता आलं नाही, आणि सरकारनं सहकार्य केलं नाही असं तिनं कळवलं. पुढे सगळं शांत.

हेराची भीती सगळ्यांना वाटते, कारण मंत्री, पत्रकार, न्यायाधीश यांच्या फोनमध्ये तो घुसू शकतो. हजेरीची भीती फारशी कुणाला वाटत नाही. ती आजवर दुसऱ्याला लागलेली होती. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं चहाच्या टपरीवर विचारणाऱ्या माणसाचे आजोबा बहुधा चावडीच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांची ओ ऐकत असत. खाली उभे असणाऱ्यांच्या नातवंडांना तो प्रश्न पडत नाही. हजेरीत लपवण्याचा संबंध नसतो, हे ते घरातूनच शिकून आले आहेत.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा दुकानदार, बँका, अ‍ॅपवाले यांना संमतीचे नियम घालून देतो. देशाच्या सुरक्षेसाठी आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून वगळू शकतं. २०२२ च्या आणखी एका कायद्यानं अटकेतल्या माणसाचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि इतर मोजमापं घेण्याची मुभा पोलिसांना दिली. ती ७५ वर्षं जपून ठेवता येतात. १९२४ च्या वहीलाही इतकं आयुष्य नव्हतं.

जुनी वही मिटलेली नाही हे न्यायालयाला अलीकडे पुन्हा सांगावं लागलं. २०२४ च्या मे महिन्यात हिस्ट्रीशीटच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं की मागास आणि विमुक्त जमातींतल्या निरपराध लोकांची नावं सवयीनं हिस्ट्रीशीटमध्ये चढवू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर, तुरुंगाच्या नियमावल्यांतला जातिभेद रद्द करताना विमुक्तांना जन्मजात सराईत समजण्यावरही न्यायालयानं बोट ठेवलं. म्हणजे ३१ ऑगस्ट १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी.

शेवटी वाचकांना एक विनंती. माळशिरस, माण, फलटण, सांगोल्याकडच्या कुठल्या जुन्या पाटील वाड्यात, चावडीच्या माळ्यावर, जुन्या दप्तराच्या गाठोड्यात हजेरीचं बुक अजून असू शकतं. लाल कापडी पुठ्ठा, उभी-आडवी रेघ, नावं, अंगठे. सापडलं तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या पुरालेखागारात किंवा जवळच्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयात द्या, त्यावर काम करणारा कुणीतरी येईल. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र टाकू नका. आणि वही कुणाच्याही हाती देण्याआधी, ज्यांची नावं तिच्यात आहेत त्यांची नातवंडं गावात असतील, त्यांना विचारा.